अजून दोन फूट

फादरांनी प्रवचनासाठी घसा खाकरला, की कात्रीनमावशी बाकावरून उठायच्या. दर रविवारी. डोक्यावरचा पदर सारखा करत बाजूच्या दाराने सरळ बाहेर. पाहुण्या माणसांना वाटायचं, बाईंना बरं नसेल. बाहेर त्या दफनभूमीतलं गवत उपटत असायच्या. कबर कोणाचीही असो, आपला-परका भेद नाही. प्रवचन संपून लोक पुन्हा उभे राहिले, की हाताची माती झटकत परत जागेवर. नव्याने आलेल्या फादरांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "फादर, देवानं सहा दिस काम केलं नि सातव्या दिशी बसला. बघा मग जगाचं काय झालं ते!" त्यानंतर आमच्या चर्चमधली प्रवचनं आखूड झाली असं लोक म्हणतात. मला तरी तसं काही जाणवलं नाही.

भुईगावात आमची वाडी नि त्यांची वाडी लागून. मधे नुसतं मेंदीचं कुंपण. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, म्हणून त्या मला 'मास्तर' म्हणायच्या, नि म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसायच्या. चहा उभ्याने प्यायच्या. रोझरी चालत म्हणायच्या, केळीच्या ओळींमधून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लग्नाघरी गेल्या, तर आहेर दिल्याबरोबर स्वयंपाकाच्या मांडवात शिरून लसूण सोलायला घ्यायच्या. "बसा हो मावशी," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसलं की मना मुंग्या येतात." नवरा लवकर गेला. एकच मुलगी, लुसी, माझ्याच वयाची. तिला शिकवलं, तिचं लग्न विरारला मनवेलपाड्यात राहणाऱ्या एका चांगल्या मुलाशी लावून दिलं, नि मग त्या वाडीत एकट्याच भिंगरीसारख्या फिरत राहिल्या.

त्यांचे वडील बावखलं खणायचे. आमच्याकडे वाड्यांमधून हे चौकोनी, उघडं पाण्याचं कुंड असतं. विहिरीपेक्षा रुंद आणि पुष्कळ उथळ. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि बावखलाचं पाणी मात्र गोड, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मावशी सांगायच्या, "गोडं पानी खाऱ्याच्या पाठीवर बसलेलं असतं. पाठ खरवडू नये." पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांनी त्यांना एकच नियम शिकवला होता: पाणी लागलं की फावडं वर. त्यानंतर खोल जायचं नाही, फक्त रुंद व्हायचं. मुलगा नव्हता म्हणून हे सगळं मुलीच्या हाती आलं, आणि लहानपणापासून त्या वडिलांबरोबर खड्ड्यात उतरलेल्या.

नव्याण्णव साली आमच्या धर्मग्रामातून सात जणांचा गट मोझांबिकला जायचा ठरला. तिथल्या किनाऱ्यावर सिस्टरांचं मुलींचं वसतिगृह होतं आणि ते सांभाळायला आमच्या शेजारच्याच गिरीज गावचे फादर मायकल होते. गटात एक डॉक्टर, एक नर्स, दोघे गवंडीकाम जाणणारे. मी सुट्टीत मोकळा, म्हणून मी. फादरांनी पत्रात लिहिलं होतं: 'इथली वाळू थेट भुईगावसारखी आहे. बोअरवेल मारली ती खारी निघाली. चाळीस मुली रोज तासभर चालून पाणी आणतात. बावखल जाणणारं कोणी असेल तर घेऊन या.' सभेत पत्र वाचून झालं. पुरुष एकमेकांची तोंडं बघू लागले. मागून मावशींचा आवाज आला, "मी येते." पासपोर्टचा अर्ज मीच भरला. व्यवसाय काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, खनते."

एकच अडचण होती. लुसीला दिवस गेले होते, पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे आलेली. जूनच्या मध्यावर दिवस भरत होते आणि आमचं परतीचं विमान होतं जूनच्या पहिल्या आठवड्यात. लुसीने आईचा हात धरून विचारलं, "येशील ना गं वेळेवर? मला भीती वाटते." मावशी म्हणाल्या, "अगो, मी नाय तर कोन उभी राहील तुझ्याजवळ? आठ दिस आधी हजर." हे बोलणं आमच्याच ओट्यावर झालं. मी ऐकलंय.

तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांची नि स्वयंपाकीण दोना रोझाची गट्टी जमली. भाषेचा पत्ता नाही. पण मावशी 'साबण' म्हणाल्या नि रोझाने साबण आणून दिला. 'चावी' म्हणाल्या, चावी मिळाली. 'बादली' म्हणाल्या, तेही जमलं. मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मास्तर, ही बाय मराठी बोलते!" हे शब्द आपल्याकडेही पोर्तुगीजांकडूनच आले, तो इतिहास मी सांगायला सुरुवात केली, तोवर त्या उठून भांडी घासायला गेल्या होत्या.

जागा शोधायला त्यांनी चार दिवस घेतले. काजूच्या नि माडांच्या झाडांमधून फिरायच्या, कोपरभर खड्डा उकरायच्या, ओली वाळू जिभेवर ठेवून थुंकायच्या. मी बरोबर वही घेऊन. "डोक्याला विचारू नको, जिभेला विचार," म्हणायच्या. शेवटी वसतिगृहामागची एक जागा पसंत पडली आणि काम सुरू झालं. गावातले लोक आले, आमचे सातही जण उतरले, मुली शाळा सुटल्यावर घमेली वाहू लागल्या. मावशी काठावर क्षणभर उभ्या राहत नसत. वरून ओरडायच्या, खाली उतरायच्या, कोणाच्या हातातलं फावडं काढून घ्यायच्या. वाळू ढासळू नये म्हणून चारी बाजूंना माडाची खोडं बसवून घेतली. मुलींना त्यांचं एकच वाक्य पाठ झालं होतं: "चला, चला, हात चालवा!" दोना रोझाही पोळपाटाएवढ्या कढईत डाव आपटत 'चाला, चाला' म्हणायची.

नवव्या फुटावर पाणी लागलं. मावशींनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि डोळे मिटले. रोझाने चाखलं आणि ओरडली, "दोस! दोस!" म्हणजे गोड. मुली नाचल्या. फादर मायकलांनी तिथेच गुडघे टेकले. मावशी मात्र म्हणाल्या, "झालं. आता खोल नाय. आता रुंद."

आता यापुढचं मी नीट सांगतो, कारण आजवर कुठेच नीट सांगितलेलं नाही.

पाणी होतं ते घोट्याएवढं. दिवसाला वीसेक बादल्या, तेवढंच. रुंद करायचं तर अजून दोन आठवडे हवे होते आणि आमच्या हातात उरले होते पाच दिवस. त्या शनिवारी दुपारी बाकीचे सगळे उद्याच्या मिस्सेची तयारी करायला चर्चमध्ये गेले. खड्ड्यात मावशी नि मी दोघंच. त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाण्याकडे बघत होत्या, मग आभाळाकडे, मग बोटं मोजत होत्या. मी म्हणालो, "मावशी, अजून दोन फूट गेलो तर?"

"नाय रे. पाठ खरवडू नये."

"अहो, दोन फुटांनी काय होतंय? खोली वाढली की साठा वाढतो, साधं गणित आहे. आज उरकलं तर सोमवारी सगळं संपेल. अर्धवट टाकून जाणार आहात का? की इथेच राहणार? तिकडे लुसीचे दिवस भरत आलेत."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं. मला घरी जायचं होतं. उन्हाने, वाळूने, त्याच त्या मक्याच्या पिठाने मी कंटाळलो होतो, आणि काम पूर्ण झालं असं गावात छाती काढून सांगायचं होतं. त्यांना कुठे दुखतं ते मला ठाऊक होतं, तिथेच बोट ठेवलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फावडं उचललं. मी घमेली भरभरून वर टाकत गेलो. संध्याकाळपर्यंत दोन फूट झाले.

रविवारी सकाळी पाणी गुडघाभर होतं. फादरांनी त्यावर आशीर्वाद मागितला, मुलींनी गाणी म्हटली, आमच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मी लोकांना साठ्याचं गणित समजावत होतो. सोमवारी ठीक. मंगळवारी दुपारी रोझाने भात शिजवला, एक घास तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकली. भाताचं पातेलं तसंच उचलून तिने मावशींसमोर ठेवलं.  मावशी धावत बावखलाकडे गेल्या. एक ओंजळ प्यायल्या, दुसरी प्यायल्या, तिसरी प्यायल्या, जणू तिसऱ्यांदा तरी गोड लागेल. मचूळ नव्हे, चांगलं खारं झालं होतं.

फादर मायकल आले, सिस्टर आल्या, सगळे जमले. मावशी म्हणाल्या, "माझ्या हातून झालं. घाई केली. ठाऊक असून खोल गेले." माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. मावशींनीही नाही. मी खड्ड्यात बघत उभा राहिलो, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती म्हणा, नाहीतर भित्रा होतो म्हणा. भित्राच होतो.

उपाय त्यांनीच सांगितला. तळाला दोन फूट धुतलेली वाळू परत भरायची आणि मग कोणी हात लावायचा नाही. पाणी उपसायचं नाही, ढवळायचं नाही. गोडं पाणी आपल्या गतीने परत वर बसेल. कदाचित महिना, कदाचित तीन. "त्यात तुम्ही काय करणार?" फादरांनी विचारलं. "सिस्टर लक्ष ठेवतील. तुम्ही जा. मुलगी वाट बघतेय."

"त्यांना कसं कळणार कधी थांबायचं? मना कळून मी थांबले नाय. मी बसते इथे. रोज चाखेन, नि कोन बादली घेऊन आलं तर हाकलीन."

दोन दिवस मी त्यांना बसलेलं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. माडाच्या खोडावर, पाय खाली सोडून. हात मात्र सुंभ वळत होते, उलगडत होते, पुन्हा वळत होते. मधेच पुटपुटायच्या, "देवा, तुला घाई नाय, मना हाय. जरा बघ की." मुली जवळ येऊन बसायच्या, त्यांच्या केसांना हात लावायच्या. एका छोटीने विचारल्यावर फादरांनी भाषांतर करून सांगितलं, की ती विचारतेय, आजी रडतेय का? मावशींनी तिला जवळ ओढलं नि म्हणाल्या, "सांगा तिला, डोळ्यात वाळू गेली."

निघायच्या दिवशी मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "मावशी, चूक माझी आहे. मीच..."

"फावडं कोनाच्या हातात होतं?"

"तुमच्या, पण..."

"मग झालं. लुसीला सांग, आय चुकली. आय येते."

आम्ही सहा जण परत आलो. लुसी दारातच उभी होती, एक हात कमरेवर, दुसरा दाराच्या चौकटीला. तिने गाडीत डोकावून सहा माणसं मोजली. "आई कुठाय?" मी सांगितलं, पाणी खारं झालं, त्या थांबल्या. तिने गाडीत पुन्हा एकदा डोकावलं. मग विचारलं, "नियम ठाऊक होता ना तिला? मग जास्त खणलं कोणी?"

मी म्हणालो, "मावशींनी."

एकच शब्द. तो खोटा नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं मला त्याच्या आड लपता आलं.

अकरा दिवसांनी लुसीला कळा सुरू झाल्या. माझी आई तिच्याबरोबर गेली. फार अवघड झालं, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. माझी आई घरी येऊन म्हणाली, "लुसी रात्रभर आईच्या नावाने ओरडत होती रे." आणि नंतर बाळाला मांडीवर घेऊन लुसी आमच्या ओट्यावर बसली होती, तेव्हा शांतपणे म्हणाली, "तिला परक्यांच्या चाळीस पोरी दिसल्या. स्वतःची एक नाही दिसली." मी तिथेच होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. बाप्तिस्माही तिने आईची वाट न बघता उरकून घेतला.

ऑगस्टच्या अखेरीस मावशी आल्या. पाणी गोड झालं होतं. फादर मायकलांचं पत्रही आलं, की मुली आता बावखलाचंच पाणी पितात, आणि 'बावखल' हा शब्द रोझाला नीट म्हणता येतो. गावात सत्कार ठेवला, त्याला मावशी गेल्या नाहीत. लुसीने बाळ त्यांच्या हातात दिलं, "ही बघ आजी," असं म्हणाली, आणि आठवड्याभरात सासरी निघून गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग दर रविवारी मिस्सा झाल्यावर मावशी टोपलीत केळी, वालपापडी, नारळ घेऊन मनवेलपाड्याला जायच्या, आणि चहा घेऊन लगेच परत. कुंपणापलीकडून हाक मारायच्या, "मास्तर, आहेस का?" मी गेलो, की विळा हातात घेऊन उगाच पानं तोडत बोलायच्या. "पोरगी बोलते रे. नाय असं नाय. चहा देते. साखर किती घालू विचारते. मना साखर विचारते, मास्तर! माझ्या पोटची!" हे सांगताना त्यांचा विळा भराभर चालायचा. चांगली हिरवी पानंसुद्धा खाली पडायची.

एकदा मी म्हणालो, "मी लुसीला खरं काय ते सांगतो." त्या गर्रकन वळल्या. "तू सांगशील नि मोकळा होशील. नि ती? ती मग दोघांवर रागवेल. तू शेजारी हायस, उद्या मी नसले की तिला कोन हाय इथे? एकीवर हाय तेवढा राग पुरे." केवढं सोयीचं उत्तर! मी ते लगेच खिशात घातलं. उपासकाळात प्रायश्चित्ताला गेलो, तर फादर जाळीपलीकडून म्हणाले, "देव माफ करेल. पण ही माफी तू चुकीच्या खिडकीवर मागतोयस." तरी गेलो नाही. मनवेलपाड्याला जाणाऱ्या रिक्षात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा मधेच उतरलो. झोप लागायची नाही. वर्गात मुलांना घनता शिकवताना, खारं पाणी जड नि गोडं हलकं असं फळ्यावर लिहिताना हात अडायचा. हाच धडा मी तिथे जाण्याआधीही शिकवत होतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आठ वर्षं गेली. मावशींचं हृदय थकलं. दवाखान्यात तीन दिवस त्यांना खाटेवर आडवं पडावं लागलं, आणि त्या तिन्ही दिवस त्यांची बोटं चादरीचे धागे ओढत होती. लुसी उशाशी होती, चमच्याने पेज भरवत होती, तोंड पुसत होती, सगळं वेळेवर करत होती. ती औषध आणायला खाली गेली तेव्हा मावशींनी मला खुणेने जवळ बोलावलं. "सांगितलं नायस ना?"

"नाही."

"बरं."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ती बाई मरत होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

महिन्याची मिस्सा झाली. जेवण आटोपून पाहुणे गेले. लुसी आईच्या ओट्यावर एकटी बसून ताटं पुसत होती, तिची मुलगी वाडीत खेळत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. शनिवार, दोन फूट, माझं गणित, तिचं नाव घेऊन मी मावशींना कसं हलवलं ते. दारात मी बोललो तो एक शब्द. आणि निघायच्या दिवशी मावशींनी मला काय ऐकवलं तेही सांगितलं, की फावडं त्यांच्या हातात होतं.

लुसीच्या हातातलं फडकं थांबलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ती हातातलं ताट फेकणार. तिने ते खाली ठेवलं.

"फावडं तिच्या हातात होतं, खरंय," ती म्हणाली. "पण तोंड तर तुझ्याकडे होतं ना, मास्तर? आठ वर्षं काय केलंस त्याचं?"

 मी जायला वळलो.

"कुठे चाललास? बस." तिने शेजारची ताटं बाजूला सारली. "पहिल्यापासून सांग. ती तिथे काय खायची, कुठे निजायची, त्या मुली तिला काय म्हणायच्या. मला काही, काहीच ठाऊक नाही. मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही रे."